कळपातील क्षय

धाराशिव जिल्ह्याचे आठही तालुके पालथे घातले, तरी हरणांचा पाळीव कळप म्हणून दाखवावा असा एकही कळप कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. कारण परंडा-भूमच्या माळावरून रब्बीच्या कोवळ्या हरभऱ्यात उतरणारे काळवीट असो, की बालाघाटच्या झुडपांआडून बिचकत पाहणारा चिंकारा असो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना असे अभय दिले आहे, की त्यांना दावणीला बांधणे तर दूरच, पीक राखताना त्यांना इजा करणे हादेखील गुन्हा ठरतो आणि शेतकऱ्याच्या हाती पंचनामा व भरपाईचा अर्ज एवढेच उरते. असे असता पाळीव हरणांना जडणाऱ्या गोजातीय क्षयाची हकीकत या जिल्ह्यातील वाचकाला सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील, तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे, की जगात ज्या देशाने हरणे गाईंप्रमाणे कुंपणात पाळली, त्या न्यूझीलंडला या रोगाने रान आणि गोठा यांच्यामधील हद्द किती लटकी असते हे फार महाग दराने शिकविले. आणि ज्या रोगाशी तेथील सरकार व शेतकरी गेली अर्धशतकभर झुंजत आहेत, तोच रोग आपल्याकडच्या गाई-म्हशींच्या दावणीला कोणताही गाजावाजा न करता उभा आहे.

रोगाचे मूळ थोडक्यात सांगतो. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. पुढे १८९८ मध्ये थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाच्या क्षयाचा जंतू आणि गाईच्या क्षयाचा जंतू हे दोन सख्खे भाऊ असले तरी एक नव्हेत, हे दाखवून दिले. या गाईच्या जंतूला शास्त्रात मायकोबॅक्टेरियम बोव्हिस म्हणतात. १९०१ च्या लंडन परिषदेत खुद्द कॉखने, गाईच्या क्षयापासून माणसाला भिण्याचे फारसे कारण नाही, असे मत ठोकून दिले. त्याचा अधिकार एवढा मोठा, की ते खोडून काढण्यासाठी ब्रिटिश सरकारला एक शाही आयोग नेमावा लागला आणि दहा वर्षे प्रयोग करून त्या आयोगाने १९११ साली निर्वाळा दिला, की कच्च्या दुधावाटे हा जंतू माणसात, विशेषतः लहान मुलांत, खुशाल शिरतो. मानेच्या ज्या गाठींना आपल्याकडे गंडमाळा म्हणतात, त्यांपैकी बऱ्याचशांचे बीज त्या काळी युरोपात असे दुधाच्या भांड्यातून आले होते. गंमत अशी, की आज आपल्या प्रत्येक तान्ह्या मुलाच्या दंडावर जी बीसीजी लस टोचतात, तीदेखील याच गाईच्या जंतूपासून काल्मेत आणि गेराँ या दोघा फ्रेंचांनी लिल शहरी १९०८ पासून तेरा वर्षे त्याची पिढ्यान्‌पिढ्या लागवड करून, त्याची नांगी मोडून तयार केली.

कॉखच्या नावावर एक अपयशही आहे, आणि या प्रकरणाच्या दृष्टीने ते त्याच्या यशाहून अधिक मोलाचे आहे. १८९० मध्ये त्याने क्षयजंतूंच्या अर्कापासून ट्युबरक्युलिन नावाचे एक औषध काढले आणि त्याने क्षय बरा होतो असे जाहीर केले. औषध म्हणून ते साफ फसले. परंतु लागलीच दुसऱ्या वर्षी काही पशुवैद्यांच्या ध्यानात आले, की हा अर्क निरोगी गाईला टोचला तर काही होत नाही आणि क्षयी गाईला टोचला तर तिचे शरीर खवळून उठते. औषधाचे असे परीक्षेत रूपांतर झाले, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी सुधारून घेतलेली तीच परीक्षा आजही जगभर चालू आहे. आपल्याकडे या जातीच्या विद्येचा पाया पुण्यात पडला, हे पुष्कळांना ठाऊक नसते: १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली, आणि तिचीच वाढ होऊन आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली.

परीक्षा प्रत्यक्षात कशी होते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. गाईच्या मानेच्या मध्यावर तळहाताएवढ्या जागेचे केस कातरतात. तेथली कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजपट्टीच्या चिमट्याने मिलिमीटरात मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. मग कातडीच्याच थरात, मांसात नव्हे, अर्काचा दशांश मिलिलिटर असा टोचतात, की बोटाखाली वाटाण्याएवढा फुगवटा लागावा. मग ७२ तास थांबायचे. या तीन दिवसांत, ज्या जनावराच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची त्या जंतूशी पूर्वी कधी गाठ पडली असेल, त्या पेशी टोचल्या जागी धावून येतात आणि कातडी सुजते. सूज चार मिलिमीटर किंवा अधिक भरली तर जनावर बाधित, दोनहून कमी भरली तर निर्दोष, आणि मधली असली तर संशयित धरून दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा. माती-पाण्यात याच कुळातील काही निरुपद्रवी जंतू असतात आणि त्यांच्या ओळखीनेही कातडी फसवी सूज दाखविते. म्हणून चोख परीक्षेत पक्ष्यांच्या क्षयजंतूचा अर्क शेजारी वेगळ्या जागी टोचून दोन्ही सुजांची तुलना करतात. एक गोष्ट मात्र पशुपालकाने पक्की ध्यानात ठेवावी: ज्या जनावराची फुप्फुसे रोगाने पुरती पोखरली आहेत, त्याची प्रतिकाराची शक्तीच इतकी थकलेली असते, की त्याची कातडी कित्येकदा मुळीच सुजत नाही, म्हणजे कळपातील सर्वांत घातक जनावरच परीक्षेत साळसूदपणे उत्तीर्ण होऊ शकते. ही परीक्षा कळपाची असते, एकट्या जनावराची नव्हे, असे जाणते पशुवैद्य सांगतात ते यासाठीच.

आता हरणांकडे वळू. न्यूझीलंडमध्ये मुळात हरीण नव्हतेच. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी तांबडी हरणे नेऊन सोडली, आणि वाघ-लांडग्यांवाचून ती एवढी माजली, की विसाव्या शतकात सरकारला ती मारण्यासाठी पगारी शिकारी ठेवावे लागले. पुढे युरोपात हरणाच्या मांसाला आणि पूर्व आशियात कोवळ्या शिंगांना भाव आहे असे दिसताच, १९६९ साली कायदा बदलून हरणे पाळण्यास मुभा देण्यात आली. आणि ज्या हेलिकॉप्टरांतून काल गोळ्या झाडल्या जात होत्या, त्यांतूनच आज जाळी फेकून जिवंत हरणे धरली जाऊ लागली. माणसाच्या लोभाला कोलांटी उडी मारायला फार वेळ लागत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या पाळीव कळपांत गाईचा क्षय सापडला, तेव्हा धंद्याच्या तोंडचे पाणी पळाले.

हरणाच्या क्षयाची लक्षणे फसवी असतात. रोग पुष्कळ वेळा घशामागील लसग्रंथींत घर करतो आणि तेथे पातळ पुवाने भरलेले असे गळू बनवितो, की खाटिकखान्यातील निरीक्षकाला ते साध्या जखमेचे वाटावे. जनावर बाहेरून धट्टेकट्टे दिसते आणि एके दिवशी झपाट्याने वाळून मरते. त्यात परीक्षेची अडचण निराळीच. गाय खोड्यात मुकाट उभी राहते. हरीण धरले, की भयानेच त्याचे स्नायू फाटून ते मरू शकते. म्हणून तेथे अंधाऱ्या खोल्यांचे खास वाडे बांधले गेले. अंधारात हरीण शांत होते, मग त्याला दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून धरणाऱ्या खोड्यात घेऊन मानेवरचे केस वस्तऱ्याने साफ करतात. हरणाची कातडी पातळ असल्यामुळे तेथे मिलिमीटरांची घासाघीस नाही. ७२ तासांनी डोळ्यांना दिसेल किंवा बोटाला लागेल अशी कोणतीही सूज बाधेची खूण मानतात. मग ज्याच्याविषयी वाद उरेल, त्याची सुमारे तीन महिन्यांनी दुहेरी अर्काची परीक्षा, किंवा ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी हरणांसाठी सिद्ध केलेली रक्तपरीक्षा.

एवढे करूनही रोग हटेना. एखादा कळप धुऊन काढावा, लागोपाठच्या परीक्षांत तो निर्मळ निघावा, आणि वर्षा-दोन वर्षांत बाहेरून एकही जनावर न आणता तेथे पुन्हा सूज दिसावी, असे घडू लागले. गुन्हेगार निघाला पॉसम. हा ऑस्ट्रेलियातून लोकरीसाठी आणून सोडलेला, मांजराएवढा झाडावरचा प्राणी. १९६७ मध्येच त्याच्यात हा क्षय सापडला होता. संशोधकांनी कुरणात निरीक्षण केले, तेव्हा दिसून आले ते असे: मरणपंथाला लागलेला पॉसम रातचर असूनही भर दिवसा कुरणात उघड्यावर येऊन लडखडत पडतो, हरणे आणि गाई यांना अशा विचित्र वस्तूचे उपजत कुतूहल असते, त्या त्याच्याभोवती कडे करून त्याला हुंगतात, चाटतात, नाकाने ढकलतात, आणि त्याच्या फुटलेल्या गळवांतील जंतू एका श्वासात आत घेतात. म्हणजे परीक्षा कुंपणाच्या आत चालू होती आणि रोग कुंपणाच्या बाहेर वस्ती करून होता. पुढे त्या देशाने विमानांतून विष पेरून रानोमाळचे पॉसम मारले. या उपायाबद्दल तेथील लोकांतच तीव्र मतभेद आहेत आणि माझ्यासारख्याच्या मनालाही ते ऐकून बरे वाटत नाही. पण १९९० च्या दशकाच्या मध्यास गाई-हरणांचे सुमारे १,७०० बाधित कळप होते, ते पंचवीस वर्षांत काही डझनांवर आले, हे नाकारता येत नाही. आणि २०५५ पर्यंत देशातून या जंतूचे नाव पुसायचे, असा तेथे संकल्प आहे.

मला त्यांच्या व्यवस्थेतील विषापेक्षा दुसरीच एक बाब अनुकरणीय वाटते. तेथे प्रत्येक कळपाला इयत्ता असते: किती वर्षे हा कळप निर्मळ आहे तो आकडा कागदावर असतो, दहा वर्षे निर्मळ असलेल्या कळपाच्या जनावराला बाजारात मान असतो, आणि जनावर खरेदी करणारा तो दाखला पाहूनच पैसे मोजतो. दप्तर चोख असेल, तर रोग लपविण्यात तोटा आणि उघड करण्यात नफा असा हिशेब आपोआप जुळतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९९० मध्ये पाळलेल्या एल्क हरणांत हा रोग पसरला, तेव्हा कळपांशी संबंध आलेल्या माणसांनाही तपासावे लागले आणि त्यांत रोगाची बाधा सापडली. म्हणजे कळपाचा क्षय हा केवळ मालकाच्या नुकसानीचा मामला राहत नाही.

आता आपल्या मुलखात येऊ. भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये या रोगाच्या बाधेचा जो अंदाज काढण्यात आला, तो शंभर गुरांमागे सातांहून अधिक असा आहे. आता कल्पना करा, की कळंबकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दुभत्या गाईच्या मानेवर सूज निघाली. न्यूझीलंडात ती गाय त्याच आठवड्यात खाटिकखान्यात गेली असती. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करीत नाही, परंतु त्यामुळे बाधित गाय काढून टाकण्याची वाट बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी वाट कोणी आखून दिली नाही, एवढे तर स्पष्ट आहे. मग शेतकरी काय करतो? तो गाय बाजारात नेतो. तेथे हेडे तिचे दात पाहतात, शिंगे चाचपतात, सड पिळून धार पाहतात, चालवून बघतात. दोघेजण उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवितात. मानेच्या त्या सुजेला तीन दिवस उलटून गेलेले असतात आणि तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. संध्याकाळी ती गाय दुसऱ्या गावच्या दावणीला, दुसऱ्या वासरांच्या शेजारी उभी असते. ज्या परीक्षेने रोग आवरायचा, तिनेच तो गावोगाव पोचविला. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की बाधित जनावराचे पुढे काय करायचे हे आधी ठरविल्यावाचून गावोगाव ट्युबरक्युलिन टोचीत सुटणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट.

उपाय नाही असे नाही, आणि तो आपल्या कायद्यात बसणारा आहे. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग या पशुवैद्याने १८९२ च्या सुमारास अशी पद्धत चालू केली, की बाधित गाईंना मारू नये. त्यांचा गोठा, पाण्याचा हौद आणि गडी वेगळा करावा. त्यांचे वासरू जन्मताच उचलून निर्मळ गोठ्यात न्यावे आणि त्याला तापविलेल्या दुधावर वाढवावे. दर सहा महिन्यांनी निर्मळ गोठ्याची परीक्षा घ्यावी, आणि बाधित गोठा काळाच्या ओघात आपोआप संपू द्यावा. मारण्याऐवजी वेगळे करण्याची ही रीत, कुंथलगिरीसारखे जैनांचे सिद्धक्षेत्र ज्या तालुक्यात आहे, त्या भूमच्या लोकांना न्यूझीलंडच्या रीतीपेक्षा अधिक मानवेल यात शंका नाही. मात्र सर्व बाधित गुरे एखाद्या गोशाळेत कोंबली आणि तेथेच निरोगी भाकड गाईही बांधल्या, तर बँगचे नाव घेऊन उलटाच कारभार केल्यासारखे होईल. कारण हा जंतू मुख्यतः श्वासातून, दमट व कोंदट जागेत पसरतो. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा अनेक गावांची जनावरे उसाच्या वाढ्यावर, एकाच हौदावर, दाटीदाटीने महिनोन्‌महिने उभी होती. पुढल्या दुष्काळात छावणी उघडताना खोकणाऱ्या, वाळत चाललेल्या जनावरांची दावण वाऱ्याच्या खालच्या अंगाला वेगळी ठेवण्याची अट आदेशातच घालण्यास सरकारला एक दमडीही खर्च येणार नाही.

सरकारला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०२२ ची लंपीची साथ आठवावी. त्या वेळी गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची वाहतूक थांबली, लसीकरण झाले आणि मेलेल्या गाईमागे ३०,००० व बैलामागे २५,००० रुपये मालकांना देण्यात आले. साथ डोळ्यांनी दिसते म्हणून यंत्रणा धावते. क्षय वर्षानुवर्षे दबा धरून राहतो म्हणून तिला सवड मिळत नाही. वस्तुतः २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याच्या अनुसूचीत गोजातीय क्षयाचा समावेश आहे. आणि जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्लाही आता बसला आहे. त्या बिल्ल्याच्या खात्यावर क्षयपरीक्षेची तारीख आणि निकाल चढविला, की न्यूझीलंडच्या इयत्तेचे निम्मे काम झाले.

दुधाविषयी जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्यांवर रोज जे दूध कढईत आटते, त्यातला क्षयाचा जंतू जगणे अशक्य आहे. त्याला मारायला ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद पुरतात, आणि खव्याची कढई तर तासभर खदखदत असते. घरोघरी दूध तापविण्याच्या आपल्या चालीने किती मुलांच्या मानेच्या गाठी वाचविल्या असतील, त्याची गणती नाही. परंतु धारोष्ण दुधाचे गोडवे गाणारे अजूनही भेटतात. शेळीचे दूध तर औषधी म्हणून कच्चेच पाजतात, आणि उस्मानाबादी शेळी कितीही काटक असली तरी क्षयी गाईच्या गोठ्यात बांधल्यावर तिलाही हा रोग होऊ शकतो. शिवाय दूध तापवून धार काढणाऱ्याचा बचाव होत नाही. तो रोज दोन वेळा गाईच्या श्वासाच्या पल्ल्यात बसतो. अशा माणसाला क्षय झाला, तर आपण गुरांत वावरतो हे त्याने डॉक्टरला आवर्जून सांगावे. कारण क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे बोव्हिसवर मुळात चालतच नाही.

शेवटी रानाकडे परत वळणे भाग आहे. अलीकडच्या संशोधनाने या कथेत एक नवे पात्र आणले आहे: मायकोबॅक्टेरियम ओरिजिस. २०१२ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखला गेलेला हा भाऊबंद दक्षिण आशियातील गुरांत ठाण मांडून असल्याचे दिसते. वेल्लोरच्या रुग्णालयातील ९४० नमुन्यांची जनुकीय छाननी झाली, तेव्हा त्यांत ओरिजिसचे सात रुग्ण निघाले आणि बोव्हिसचा एकही निघाला नाही. चेन्नई परिसरातील वन्य खुरधारी प्राण्यांतही तो सापडला आहे. म्हणजे येडशी-रामलिंगच्या अभयारण्याभोवती ज्या पाणवठ्यावर उन्हाळ्यात गावची गुरे आणि रानची हरणे पाळीपाळीने तोंड घालतात, तो पाणवठा नजरेआड करून चालणार नाही. येथे हरणांना दोष देण्याची घाई कोणी करू नये. न्यूझीलंडातही पॉसमला रोग दिला तो माणसाने आणलेल्या गुरांनीच.

म्हणून मागणे थोडे आणि नेमके आहे. वनखात्याने मेलेल्या प्रत्येक हरणाचे शवविच्छेदन होताना घशामागील ग्रंथींचा तुकडा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवावा. उन्हाळी पाणवठा गुरांसाठी वेगळा आणि हरणांसाठी वेगळा भरावा. जिल्हा परिषदेने बाधित गाय वेगळी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला तिच्या वैरणीपुरते अनुदान द्यावे, म्हणजे ती बाजारात जाणार नाही. आणि पशुपालक वाचकाने स्वतःपुरते एवढे करावे, की बाजारातून आणलेले जनावर दोन महिने वेगळ्या खुंट्याला बांधावे, त्याची मान पशुवैद्याकडून एकदा टोचून घ्यावी, तीन दिवसांनी ती न चुकता मोजून घ्यावी, आणि मगच त्याला घरच्या दावणीला आणावे.